सगुणाबाईंचे दोनशे सत्त्याऐंशी

सगुणाबाई दिघे रोज सकाळी माझ्याकडे वेळ विचारायला यायच्या. मुळशी तालुक्याच्या पश्चिम टोकाला, ताम्हिणी घाटाच्या अलीकडे उंबरवाडी म्हणून चाळीस घरांची वाडी आहे. तिथल्या एकशिक्षकी शाळेवर मी सात वर्षं होतो. साऱ्या वाडीत घड्याळ एकच, माझ्या मनगटावरचं. साडेआठला दहा मिनिटं कमी असली की बाई शाळेच्या ओट्याशी उभ्या राहायच्या, "किती झालं, गुरुजी?" विचारायच्या आणि मी सांगितलं की पुढे एक शब्दही न बोलता माघारी वळायच्या. सुरुवातीला मला तो उद्धटपणा वाटला. नंतर कळलं की बाईंना वेळेशी काम होतं, माझ्याशी नव्हतं.

काम होतं पाऊस मोजण्याचं. त्यांच्या घरामागच्या माळावर सरकारी पर्जन्यमापक होता. जस्ताच्या पत्र्याचं नळकांडं, वर पितळी काठाचं नरसाळं, आत बाटली. चोवीस तासांत बाटलीत साचलेलं पाणी बरोबर साडेआठला काचेच्या मापात ओतायचं, आकडा वहीत लिहायचा आणि महिनाअखेरीला कार्ड पौडच्या कचेरीला पाठवायचं. पूर्वी हे काम बाईंचे यजमान हैबतराव करत. त्यांना क्षय झाला. दोन वर्षं ते अंथरुणाला खिळून होते. तेवढ्या काळात पडल्या पडल्या त्यांनी बायकोला आकडे शिकवले. अक्षरं शिकवायला दिवस पुरले नाहीत. त्यामुळे बाईंना स्वतःचं नाव लिहिता येत नव्हतं, पण मापातल्या पाण्याची रेघ डोळा तिच्या बरोबरीला आणून त्या अशी वाचायच्या की मला जमलं नसतं.

हैबतराव गेल्यावर बाई पौडला गेल्या आणि काम आपल्या नावावर मागितलं. बाईमाणसाची नेमणूक होत नाही, असं उत्तर मिळालं. मग कागदावर नाव लागलं त्यांच्या दिराचं, कुशाबाचं. कुशाबा भला गडी, पण त्याला काचेवरची रेघ कळायची नाही आणि सहीही यायची नाही. कचेरीला अंगठा नको होता, सही हवी होती. मी वाडीवर आलो तेव्हापासून ती सही मी करत होतो. काम बाईंचं, नाव कुशाबाचं, सही माझी. सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणालाच त्यात वावगं वाटत नव्हतं.

वादळाच्या दोन वर्षं आधी इंच जाऊन मिलिमीटर आले. कचेरीचा माणूस नवी काच कुशाबाच्या हातात देऊन निघून गेला. बाईंनी तो अख्खा पावसाळा तेच पाणी आधी जुन्या काचेत आणि मग नव्या काचेत ओतून पाहिलं. श्रावणात मला म्हणाल्या, "एका इंचाचे पंचवीस व्हत्यात, आन वर वाइच." कुणी न सांगता त्यांनी ते काढलं होतं. हे मी एवढ्यासाठी सांगतो आहे की पुढे कचेरीत एका शहाण्या माणसाने त्यांना मिलिमीटर कळत नाहीत असं ठरवलं.

त्या वर्षी दिवाळी होऊन पंधरवडा झाला होता. भात कापून झालं होतं. वाडीच्या खाली ओढ्याच्या काठाला तेवढीच सपाट जागा, म्हणून सगळ्यांची खळी तिथेच. भाऱ्यांच्या अकरा उडव्या रचून ठेवलेल्या होत्या आणि झोडणी सुरू व्हायची होती. वाडीचं वर्षाचं खाणं त्या अकरा उडव्यांत होतं.

पंचायतीचा बॅटरीवरचा रेडिओ शाळेत असायचा आणि तो लावायचं काम माझं. सोमवारी संध्याकाळी बातमी लागली की अरबी समुद्रात वादळ उठलं आहे. मंगळवारी ते वाढून किनाऱ्याकडे वळल्याचं सांगितलं. बुधवारी पहाटे वारा सुटला तो पूर्वेकडून, पुण्याच्या बाजूनं. शाळेची निम्मी कौलं गेली. देवळाशेजारचा जुना आंबा मुळासकट आडवा झाला. बायका-पोरं आणि गुरं घरात कोंबून लोक दारं धरून बसले. पाऊस होताच, पण त्या वाऱ्यापुढे पावसाकडे कुणाचं लक्ष नव्हतं. लक्ष होतं एकट्या सगुणाबाईंचं.

दुपारी एकच्या सुमारास वारा पडला. बातम्यांत मी ऐकलं, वादळानं सकाळी किनारा ओलांडला असून जमिनीवर आल्यावर ते झपाट्यानं कमजोर झालं आहे. मी डोक्यावर पोतं घेऊन देवळात गेलो. तिथे पंधरा-वीस गडी जमले होते.

"वादळ गेलं," मी सांगितलं. "कमजोर झालं. रेडिओनं सांगितलंय."

हे शब्द माझे. आज इतक्या वर्षांनंतरही ते मला तसेच्या तसे आठवतात, कारण मी ते मोठ्या तोऱ्यात उच्चारले होते. वाडीतल्या एकमेव शिकलेल्या माणसाच्या तोऱ्यात.

तेवढ्यात अंगावर इरलं घेतलेल्या सगुणाबाई आल्या. इरल्यातून पाणी गळत होतं. त्या कुशाबाला म्हणाल्या, "भावोजी, सकाळपासनं सात काचा वतल्या. बाटली भरली म्हून मधीच दोनदा रिकामी केली. आशी बाटली म्या आखाडात बी रिकामी केली न्हाई."

"वादळ संपलंय, वहिनी," कुशाबा म्हणाला. "गुरुजींनी आत्ता सांगितलं."

"वारा पडला न्हाई, फिरलाय. सकाळी पुण्याकडनं व्हता, आता घाटाकडनं येतुया. आन पाऊस वाढतुया. तुमी ओढ्याकडं जाऊ नगा."

कुशाबा हसला. "वहिनी, रेडिओ मुंबईचा हाय. तुमची बाटली उंबरवाडीची."

सगळे हसले. मीही हसलो. बाईंनी माझ्याकडे एकदा पाहिलं आणि त्या माळाकडे वळल्या.

तीनच्या सुमाराला चार गडी खळ्यावर गेले. वाऱ्यानं उडव्यांवरचा पेंढा उडाला होता, तो परत घालून दोर बांधायचे, एवढंच काम होतं. कुशाबाची उडवी ओढ्याच्या सगळ्यात जवळ. तिघांचं आवरलं, ते निघाले. कुशाबा उडवीवर चढून शेवटचा दोर आवळत होता. ओढा चढत चढत आला नाही, एकदम आला. तिघं धावत चढणीला लागले आणि वळून पाहिलं तर खळं नव्हतंच, सगळं लाल पाणी होतं. कुशाबा उडवीवर उभा होता आणि उडवी चालली होती. वीस-पंचवीस हात ती तशीच गेली. मग भारे सुटले.

आम्ही सगळे काठावर जमलो. कुशाबाची बायको साळूबाई चिखलात बसली होती, तिला उठवता येईना. पावसाचा जोर एवढा की समोरचा माणूस ओरडला तरी ऐकू येईना. तिन्हीसांजेपर्यंत अकराच्या अकरा उडव्या गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी शाळेच्या ओट्यावर बसलो होतो. कुशाबा अजून सापडला नव्हता. गडी ओढ्याकाठानं मुळशी धरणाच्या पाण्याच्या कडेपर्यंत शोधायला गेले होते. सगुणाबाई आल्या. त्यांचे डोळे लाल होते आणि आवाज कोरडा.

"किती झालं, गुरुजी?"

मला वाटलं, या बाईला काळीज आहे की नाही. पण मी वेळ सांगितली. थोड्या वेळानं त्या वही घेऊन परत आल्या.

"चौदा काचा, आन वर सात. लिवा."

एक काच वीस मिलिमीटरची. मी दोनशे सत्त्याऐंशी लिहिलं. आदल्या सकाळी साडेआठपासून प्रत्येक काच ओतली की त्यांनी गोठ्याच्या भिंतीवर कोळशानं एक रेघ मारली होती. दीर वाहून गेल्यावरच्या रेघाही त्यात होत्या. मी त्यांना तेव्हा नाही, पुढे एकदा विचारलं की त्या संध्याकाळी तुमच्यानं माळावर जाववलं कसं. म्हणाल्या, "आमच्यावर काय पडलं त्ये कुनी तरी मोजाया नगं?"

तिसऱ्या दिवशी कुशाबाचं प्रेत सापडलं. महिनाअखेरीला मी कार्ड भरलं. बाईंनी वहीतले आकडे सांगितले, मी उतरवले आणि खाली नेहमीप्रमाणे 'कुशाबा दिघे' अशी सही केली. नाव बदललं तर काम बाईंच्या हातून जाईल, अशी भीती होती. पण खरं सांगायचं तर एवढा विचारही मी केला नाही. हात सवयीनं चालला.

डिसेंबरात वादळग्रस्त गावांची यादी लागली. त्यातल्या गावांना बियाण्याचं भात, खायला धान्य आणि शेतसाऱ्याची माफी मिळणार होती. घाटाखालची कोकणातली गावं त्यांच्या जिल्ह्याच्या यादीत होती, धरणाच्या पलीकडच्या बाजूची दोन गावं आमच्या जिल्ह्याच्या यादीत होती. उंबरवाडी नव्हती. तलाठ्यानं चौकशी करून सांगितलं की तुमच्याकडे पाऊसच झाला नाही, रजिस्टरात अठ्ठावीस पूर्णांक सात मिलिमीटर आहे. कुशाबाच्या मृत्यूची नोंद 'ओढा ओलांडताना अपघात' अशी होती.

सगुणाबाईंनी ते ऐकलं आणि मला म्हणाल्या, "उद्या पौडला जायाचं. तुमी बी चला."

धरणाच्या रस्त्यावरून पौडच्या चाँदभाईंचा ट्रक लोणारी कोळसा घेऊन जायचा. त्यात पोत्यांवर बसून आम्ही गेलो. चाँदभाईंनी बाईंना पुढे बसायला सांगितलं, पण त्या बसल्या नाहीत.

कचेरीत अव्वल कारकून होता. सभ्य माणूस. त्यानं आम्हांला उभं ठेवलं, पण रजिस्टर आणि आमचं कार्ड काढून दाखवलं. कार्डावर माझ्या हातचा २८७ होता. त्यातल्या आठ आणि साताच्या मधे लाल शाईचं एक टिंब होतं.

"हे टिंब कुणी दिलं?" मी विचारलं.

"मी," तो म्हणाला. "चूक दुरुस्त केली. खेड्यातल्या निरीक्षकांना दशांश कळत नाही. दोनशे सत्त्याऐंशी मिलिमीटर म्हणजे अकरा इंचांच्या वर. नोव्हेंबरात? एका दिवसात?"

"पडला तेवढा," सगुणाबाई म्हणाल्या.

"बाई, नीट ऐका. वादळ समुद्राच्या पाण्यावर जगतं. जमिनीवर आलं की त्याचं खाणं तुटतं आणि ते मरतं. आमच्याकडे तसा निरोपही आला होता, कमजोर झालं म्हणून. मेलेलं वादळ अकरा इंच पाऊस पाडतं काय?"

"मंग माजा दीर कशात बुडाला?" बाईंचा आवाज चढला नव्हता. "अठ्ठावीस मिलिमीटरात? अठ्ठावीस मिलिमीटरात कोंबडीचं पाय भिजत न्हाईत."

बाजूच्या टेबलावरचे दोघं मान वर करून पाहू लागले. कारकुनाचा चेहरा बदलला. त्यानं कार्ड उलटं करून आमच्यासमोर सरकवलं.

"ठीक आहे. हे कार्ड कुशाबा दिघे यांच्या सहीचं आहे. तलाठ्याच्या अहवालाप्रमाणे कुशाबा दिघे बुधवारी वारले. मग गुरुवारचा पाऊस कुणी मोजला? आणि महिनाअखेरीला सही कुणी केली?"

"मोजला म्या. सा वर्सं मीच मोजतीया."

"आणि सही?"

बाईंनी माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे पाहिलं. घरी आईवडील होते, नोकरी कायम होऊन दोनच वर्षं झाली होती, आणि दुसऱ्याच्या नावाची सही हा गुन्हा असतो हे मला कळत होतं. मी बोललो नाही.

"सही बी म्याच केली," सगुणाबाई म्हणाल्या.

कारकुनानं टाक शाईत बुडवून त्यांच्यापुढे धरला. "करून दाखवा."

त्यांनी टाक घेतला. त्यांचा हात कागदावर थांबला आणि थांबूनच राहिला. शाईचा एक ठिपका कागदावर पडला. कचेरीत कुणीतरी हसलं. तेव्हा कुठे माझं तोंड उघडलं.

"सही माझी आहे," मी म्हणालो.

येताना बाई ट्रकमधे माझ्यापासून लांब बसल्या. मुळशीच्या अलीकडे म्हणाल्या, "अदुगर का न्हाई बोललात?"

"भीती वाटली."

"मला न्हाई वाटली व्हय?"

त्यानंतर त्या वेळ विचारायला आल्या नाहीत. पर्जन्यमापकाच्या कुंपणाची सावली एका दगडावर कुठे पडते ते धरून मोजू लागल्या. माझी खात्याकडून चौकशी झाली, सेवापुस्तकात शेरा पडला. तो पडायलाच हवा होता. सहीचा नव्हे, त्या कचेरीत मी गप्प राहिलो त्याचा पडायला हवा होता, पण असा शेरा कुणी मारत नाही.

जानेवारीत कचेरीचा शिपाई पर्जन्यमापक उचलून न्यायला आला. उंबरवाडीचं केंद्र बेभरवशाचं ठरवून बंद केलं होतं. सगुणाबाई कुंपणाच्या दारात कोयता मांडीवर घेऊन बसल्या.

"काय न्यायचं त्ये न्या," त्या म्हणाल्या, "पर अदुगर माजा आकडा लिवून आना."

शिपाई बिचारा पोटार्थी. तो चहासुद्धा न घेता निघून गेला. त्या हिवाळ्यात पावसाचा थेंब नव्हता, तरी बाई रोज सकाळी माळावर जात आणि रिकामी बाटली पाहून वहीत स्वतः शून्य काढत. घरात साळूबाई आणि तिच्या तीन मुली होत्या. भात नव्हतं. नाचणी आणि वरी होती ती माघापर्यंत पुरली. पुढे त्यांनी कंदमुळं उकडून खाल्ली. वाडीतली सात घरं मुंबईला उठून गेली. यादीतल्या गावांत तेव्हा सरकारी भात वाटलं जात होतं. आमच्या वाडीतून टेकडीवर गेलं की त्यांतलं एक गाव दिसायचं.

फेब्रुवारीत एक जीप आली. पुण्याहून हवामानाचा अभ्यास करणारे एक साहेब होते, पंचेचाळीशीचे, जाड भिंगांचे, काखेत नकाशाची गुंडाळी. त्यांनी शाळेत येऊन सांगितलं की त्या वादळाच्या पावसाचा नकाशा काढताना एक गोष्ट जमेना. धरणाच्या बाजूला अडीचशे मिलिमीटरच्या वर पाऊस, घाटाखाली दोनशे तीस, आणि दोन्हींच्या मधे उंबरवाडीला अठ्ठावीस. "असा पाऊस पडत नाही," ते म्हणाले. "मला ते यंत्र आणि निरीक्षक पाहायचा आहे."

मी त्यांना घेऊन गेलो. बाईंनी त्यांना बसा म्हटलं नाही. माळावर नेलं, एक तांब्याभर पाणी नरसाळ्यात ओतलं, काच त्यांच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "मोजा."

साहेबांनी मोजलं. बाईंनी काच परत घेऊन डोळ्यापुढे धरली. "तुमी वरची कड वाचली. पानी मधी खोल ऱ्हातं, त्ये वाचायचं असतं."

साहेब अवघडले आणि म्हणाले, "बरोबर आहे तुमचं."

मग बाईंनी त्यांना गोठ्यात नेलं. भिंतीवर कोळशाच्या चौदा रेघा होत्या आणि पंधरावी अर्ध्याहून आखूड. साहेबांनी त्या दोनदा मोजल्या. बाहेर येऊन ओट्यावर स्वतःच बसले. बाईंनी विचारलं, "त्यो कारकून म्हनला, मेल्यालं वादळ पाऊस पाडत न्हाई. खरं हाय व्हय?"

साहेबांनी नकाशा पसरला. त्यांनी जे सांगितलं ते मी तेव्हा वहीत टिपून घेतलं, कारण मला स्वतःला ते ठाऊक नव्हतं आणि ठाऊक नसताना मी ते देवळात सांगितलं होतं.

पावसाळा संपला तरी समुद्राचं पाणी तापलेलं असतं. त्याची वाफ वर जाते. वर गार हवेत तिचे ढग होतात, आणि वाफेचं पाणी होताना तिच्यातली ऊब बाहेर पडते. त्या उबेनं हवा आणखी वर उचलली जाते, खाली दाब कमी होतो, आणि ती जागा भरायला चहूकडून वारा धावतो. पृथ्वी फिरते म्हणून तो सरळ येत नाही, वळत येतो. येताना समुद्रावरून आणखी वाफ घेऊन येतो. त्यामुळे आणखी ढग, आणखी ऊब, आणखी वारा. पाणी गरम आहे आणि वरच्या हवेतले वारे त्याची मोडतोड करत नाहीत, तोवर वादळ वाढत राहतं. जमिनीवर आलं की खालून मिळणारी वाफ तुटते. झाडं, घरं, डोंगर यांच्यावर घासून वारा मंदावतो. काही तासांत त्याचा जोर जातो.

"म्हंजी कारकून खरं बोलला," बाई म्हणाल्या.

"वाऱ्याबद्दल खरं बोलला. पण एवढ्या दिवसांत त्या वादळानं जे पाणी वर उचलून धरलं होतं ते कुठे जाणार? वादळाचं केंद्र इथून उत्तरेला, अलिबागच्या बाजूनं आत गेलं. केंद्र पुढे सरकल्यावर त्याच्या दक्षिणेचा वारा समुद्रावरून सरळ तुमच्या घाटात शिरला. समोर सह्याद्री. हवेला वर चढल्याशिवाय वाट नाही, आणि वर चढली की ती पाणी टाकते. वारा कमी होत गेला आणि पाऊस वाढत गेला, तो असा. त्या दिवशी इथे वारा फिरला होता का?"

"दुपारी फिरला. म्या सांगितलं व्हतं." बाईंनी माझ्याकडे पाहिलं नाही. नावही घेतलं नाही. "मंग रेडिओवर कमजोर का सांगत्यात?"

"वादळाचा जोर वाऱ्यावर मोजतात. वारा कमी झाला की त्याला कमजोर म्हणतात. तो आमचाच शब्द आहे."

"बदला त्यो. न्हाईतर फुडं सांगा, वारा कमजोर झाला, पानी न्हाई झालं. आमाला अर्धंच कळतंय आन आमी त्याच्यावर मरतू."

साहेब म्हणाले की शब्द बदलणं त्यांच्या हातात नाही. बाई म्हणाल्या, "मंग कुनाच्या हातात हाय त्येला सांगा." साहेबांनी मान डोलावली. पुढे त्यांनी कुणाला सांगितलं की नाही, मला ठाऊक नाही. रेडिओवर मी नंतरही कित्येक वर्षं तोच शब्द ऐकत होतो.

जाताना त्यांनी वहीच्या पानाची नक्कल करून घेतली आणि बाईंना हात जोडले. बाईंनी जोडले नाहीत. जीप गेल्यावर म्हणाल्या, "भला मानूस हाय. तीन म्हैन्यांपूर्वी याया पायजे व्हता."

साहेबांनी वर लिहिलं एवढं खरं. पुढच्या भाद्रपदात कचेरीचं पत्र आलं. उंबरवाडीचा त्या दिवसाचा पाऊस दोनशे सत्त्याऐंशी मिलिमीटर असा दुरुस्त करण्यात आला होता. मी पत्र घेऊन पळत बाईंकडे गेलो. त्यांनी दोनदा वाचून घेतलं.

"मंग आता यादीत घालत्यात का?"

त्याच पत्राच्या शेवटच्या ओळीत लिहिलं होतं की मदतवाटपाची मुदत मार्चअखेर संपली असल्याने त्याबाबत विचार करता येणार नाही. कुशाबाच्या नोंदीबद्दल त्यात एक शब्द नव्हता. आम्ही तीन अर्ज केले. ती नोंद अपघाताचीच राहिली. ओढ्यावर पूर नव्हता, वादळ नव्हतं, एक माणूस पाय घसरून पडला, असं सरकारदप्तरी आजही असेल.

बाईंनी पत्र घडी करून वहीत ठेवलं. मला वाटलं, त्या रडतील. त्या उठल्या, जात्याशी बसल्या आणि नाचणी भरडू लागल्या. जातं इतक्या जोरानं फिरत होतं की साळूबाई आतून बाहेर आली आणि समोर बसून तिनं खुंट्याला हात लावला.

त्यानंतर दीड-दोन वर्षांनी केंद्र पुन्हा सुरू झालं आणि नेमणुकीचा कागद आला, बाईंच्या स्वतःच्या नावाचा. वर लिहिलं होतं, 'श्री. सगुणाबाई हैबतराव दिघे'. मी वाचून दाखवलं.

"श्री कशापायी?"

"छापील आहे. पुरुषाच्या नावाला लावतात."

"लावू द्या," त्या म्हणाल्या. "सहीपुरतं नाव शिकवा मला. दुसऱ्या कुनाची सही नगं आता."

पाच अक्षरांना त्यांना बारा दिवस लागले. त्या दिवसांत माझ्याशी पुन्हा आपणहून बोलू लागल्या, पूर्वीसारख्याच तुटक.

माझी बदली भूगावला व्हायच्या आदल्या वर्षी, ऑक्टोबरच्या शेवटी, रेडिओवर पुन्हा वादळाची बातमी लागली. या वेळी मी देवळात गेलो नाही, आधी सगुणाबाईंकडे गेलो. रत्नागिरीच्या खाली किनारा ओलांडणार, असं सांगितलं. त्यांनी विचारलं, "आपन त्येच्या कुटल्या अंगाला?" मी म्हणालो, उत्तरेला. त्या विचारात पडल्या. साहेबांनी दक्षिणेकडचं सांगितलं होतं, उत्तरेकडचं नव्हतं. मग म्हणाल्या, "माहीत न्हाई तर माहीत न्हाई म्हनायचं आन घरात बसायचं."

दुसऱ्या दिवशी जोर ओसरल्याची बातमी आली, तेव्हा त्या ओढ्याकडच्या पायवाटेवर काठी घेऊन उभ्या होत्या. खाली ओढ्यालगत भात अर्धं कापून पडलेलं होतं. गडी येऊन समोर उभे राहिले. भिकू शेडगे, कुशाबाबरोबर त्या दिवशी खळ्यावर गेलेल्या तिघांतला एक, म्हणाला, "काकी, भात भिजतंय. जाऊ द्या."

"भिजू दे."

"मोड येतील त्येला."

"येऊ देत. मोडाचं भात खाऊ."

कुणी हात लावला नाही. दोन दिवस त्या हटल्या नाहीत, साळूबाई त्यांना तिथेच भाकरी नेऊन देत होती. पाऊस पडला तो एकोणतीस मिलिमीटर. ओढा गुडघाभरसुद्धा चढला नाही. आठ-दहा घरांच्या पसरलेल्या भाताला मोड आले आणि लोक भयंकर चिडले. बायका पाणवठ्यावर त्यांच्याशी बोलेनात. भिकूनं एका सकाळी देवळात सगळ्यांसमोर सांगितलं की काकीच्या डोक्यात पाणी गेलंय.

बाई तिथेच होत्या. "गेलंय," त्या म्हणाल्या. "फुडच्या बारीला बी मी तितंच उभी असणार हाय. ज्येला माज्या अंगावरनं जायाचं त्येनं जावं."

भिकू उठून बाहेर गेला. बाईंनी माझ्या मनगटाकडे पाहिलं, मी वेळ सांगितली आणि त्या माळाकडे निघाल्या.